ईटीएफ नऊ, पण आत शेअर तेच! वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आपण ईटीएफ म्हणजे काय ते थोडक्यात बघितलं होतं. ज्यांच्या हाती तो अंक आला नसेल त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगते: एखाद्या निर्देशांकातले (म्हणजे निफ्टीसारख्या निवडक कंपन्यांच्या यादीतले) शेअर जसेच्या तसे, त्याच प्रमाणात, किंवा सोनं-चांदी घेऊन ठेवणारा फंड, आणि त्याचं युनिट आपण बाजार चालू असताना शेअरसारखं डीमॅटमध्ये (शेअर ठेवायच्या खात्यात) घेऊ-विकू शकतो. आपल्याकडे २००२ च्या सुरुवातीला निफ्टी बीज एक्सचेंजवर आला तो पहिला. आता तर निफ्टी, मिडकॅप (मध्यम आकाराच्या कंपन्या), बँका, सोनं, चांदी, सरकारी कंपन्यांचे बाँड, सगळ्याचे ईटीएफ आहेत आणि त्यामुळेच लोक गोंधळलेत. पत्रं भरपूर आली, बहुतेकांचं म्हणणं फिरून फिरून तेच, की ताई कुठला घेऊ आणि किती घेऊ. नाव घेऊन "हाच घ्या" असं मी या सदरात सांगत नाही, समजावताना नावं येतील तेवढीच, पण निवडायचं कसं हे मात्र खोलात जाऊन सांगते. पत्रं जागेसाठी थोडी कापली आहेत.

प्रश्न (नाशिक): ताई, मी ३४ वर्षांची आहे, एका खाजगी कंपनीत नोकरी करते. सगळे म्हणतात एकाच ठिकाणी पैसे ठेवू नको, म्हणून मी तीन वर्षांत हळूहळू नऊ ईटीएफ जमवलेत. निफ्टी ५०, सेन्सेक्स, निफ्टी १००, बँक निफ्टी, प्रायव्हेट बँक, आयटी, फार्मा, सीपीएसई आणि भारत २२. तरी बाजार पडला की स्क्रीन पूर्ण लाल होते, एकसुद्धा हिरवा राहत नाही. नऊ-नऊ ठिकाणी पैसे ठेवूनही असं का होतं?

उत्तर: कारण नऊ ठिकाणी पैसे गेलेलेच नाहीत ना ताई. नऊ ताटं मांडलीत पण पाच-सहा ताटांत तीच भाजी वाढलेली आहे. बघा, सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या, त्यातल्या जवळजवळ सगळ्या निफ्टी ५० मध्ये आहेतच. निफ्टी १०० म्हणजे निफ्टी ५० अधिक निफ्टी नेक्स्ट ५० (त्यानंतरच्या पन्नास मोठ्या कंपन्या), आणि त्यात वजन मोठ्या कंपन्यांनाच जास्त, त्यामुळे निफ्टी १०० मध्ये घातलेल्या शंभर रुपयांतले ऐंशीच्या वर परत त्याच निफ्टी ५० मध्ये जातात. एकटी एचडीएफसी बँक घ्या: निफ्टी ५०, सेन्सेक्स, निफ्टी १००, बँक निफ्टी आणि प्रायव्हेट बँक, तुमच्या नऊपैकी पाच ईटीएफमध्ये ती बसलेली आहे. आयसीआयसीआय बँकेचंही तेच. मुळात निफ्टी ५० मध्येच साधारण एक तृतीयांश वजन बँका आणि वित्त कंपन्यांचं असतं, म्हणजे बँका तुमच्याकडे पहिल्या ईटीएफपासूनच भरपूर होत्या, त्यावर तुम्ही अजून दोन बँकांचे ईटीएफ घेतले. सीपीएसई आणि भारत २२ हे दोन्ही मुख्यतः सरकारी कंपन्यांचे, त्यांच्या याद्या शेजारी ठेवा, एनटीपीसी, पॉवर ग्रिड, ओएनजीसी, कोल इंडिया दोन्हीकडे भेटतील.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता, अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येक फंड कंपनी दर महिन्याला फॅक्टशीट काढते, त्यात पहिले दहा शेअर आणि त्यांची टक्केवारी असते. एक वही घ्या, नऊ रकाने पाडा आणि लिहून काढा. रकान्यात तेच नाव परत परत यायला लागलं की मी काय म्हणते ते लगेच कळेल.

आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. समजा आत वेगवेगळे शेअर असते तरी घाबरगुंडीच्या दिवसांत सगळे शेअर एकत्रच पडतात. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर बंद झाला होता आणि २३ मार्चला ७,६१०, सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के गेले, त्यात बँका, मिडकॅप, सरकारी कंपन्या कुणीच सुटलं नाही. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोनं दहा ग्रॅमला पन्नास हजारांच्या वर गेलं होतं, आणि ज्यांचे काही पैसे एफडीत किंवा पीपीएफमध्ये होते ते तर जागचे हललेच नाहीत. खरं विभाजन होतं ते इथे, शेअर, सोनं आणि ठरावीक व्याजाचे पैसे या तीन गोष्टींमध्ये. तुमच्या नऊही ईटीएफमध्ये या तीनपैकी एकच गोष्ट आहे.

आता करायचं काय? घाईने सगळं विकू नका, टॅक्स लागेल. शेअरच्या ईटीएफला वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकलं तर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आणि वरच्यावर साडेबारा टक्के, २३ जुलै २०२४ पासून हे दर आहेत. तर आधी नवीन पैसे घालणं थांबवा, फक्त निफ्टी ५० चालू ठेवा. मग जे युनिट वर्षाच्या पुढे गेलेत ते दर आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या नफ्यात बसतील एवढेच विकत जा, सेन्सेक्स आणि निफ्टी १०० पासून सुरुवात करा कारण ते असून नसून सारखेच आहेत. एखादा तोट्यात असेल तर तो आधी विका, तो तोटा नफ्यातून वजा करता येतो.

प्रश्न (सांगली): मॅडम, २०२५ च्या दिवाळीच्या आधी सगळीकडे चांदीचीच चर्चा होती म्हणून मीही चांदीचा ईटीएफ घेतला, सकाळी बाजार उघडल्या उघडल्या मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाकली. दोन आठवड्यांत माझा तोटा चांदीच्या घसरणीपेक्षा कितीतरी जास्त दिसायला लागला. चांदीचा भाव आणि ईटीएफचा भाव सारखाच चालतो ना? मग माझी फसवणूक झाली का?

उत्तर: फसवणूक नाही झाली, पण तुम्ही चांदीपेक्षा जास्त किमतीला चांदी घेतलीत, आणि हे कसं होतं ते प्रत्येक ईटीएफवाल्याला माहीत असायलाच पाहिजे म्हणून हे उत्तर जरा लांबवते.

ईटीएफचे दोन भाव असतात. एक आतल्या मालाची किंमत, तिला एनएव्ही म्हणतात, आणि बाजार चालू असताना तिचा जो चालता अंदाज दाखवतात तो आयनॅव्ह. दुसरा भाव म्हणजे एक्सचेंजवर समोरचा विकणारा जे मागतो तो. हे दोन्ही जवळजवळ ठेवायचं काम मार्केट मेकर (त्यासाठी नेमलेल्या संस्था) करतात. बाजारातला भाव आतल्या मालापेक्षा वर गेला की ते फंड कंपनीला चांदी (किंवा शेअर) देतात, त्या बदल्यात नवीन युनिट घेतात, ती बाजारात विकतात, आणि भाव खाली येतो. उलट झालं की उलट करतात. एरवी हे इतकं गुपचूप चालतं की आपल्याला पत्ताही लागत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये काय झालं, देशात प्रत्यक्ष चांदीचीच टंचाई झाली. मार्केट मेकरला नवीन युनिट करायला चांदी पाहिजे, ती मिळेना किंवा फार चढ्या भावाने मिळायला लागली, आणि इकडे घेणाऱ्यांची झुंबड. मग ईटीएफचा भाव आयनॅव्हच्या बराच वर जाऊन बसला, यालाच प्रीमियम म्हणतात. परिस्थिती अशी होती की काही फंड कंपन्यांनी स्वतःच्या चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये (चांदीच्या ईटीएफची युनिट घेणाऱ्या फंडात) एकरकमी पैसे घेणं काही दिवस थांबवलं होतं. फंडवालेच नको म्हणत होते तेव्हा थांबायला हवं होतं, पण ही बातमी सगळ्यांपर्यंत पोचत नाही हेही खरं.

तुमचे नेमके आकडे पत्रात नाहीत म्हणून मी समजा धरून हिशोब मांडते. समजा आयनॅव्ह १५० होता आणि तुम्ही १६५ ला घेतलं. नंतर चांदी ५ टक्के पडली म्हणजे आतला माल झाला १४२.५०. तोवर टंचाई संपली, प्रीमियम विरघळला, आणि बाजारात भाव आला १४३. तुमचे गेले २२ रुपये, म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. त्यातले चांदीमुळे गेले साडेसातच, बाकीचे साडेचौदा घेतानाच जास्त दिले होते. ते साडेचौदा आता चांदी वाढली तरी "परत" येणार नाहीत, ते धरून ठेवून भरून निघतील अशी आशा नका ठेवू. विकायचं की नाही हे फक्त एवढ्यावर ठरवा, की आजच्या भावाला तुम्हाला चांदी हवी आहे का.

पुढच्या वेळेसाठी. ऑर्डर टाकायच्या आधी फंड कंपनीच्या किंवा एक्सचेंजच्या साईटवर आयनॅव्ह बघा, सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) २०२२ पासून तो दाखवणं बंधनकारक केलंय आणि शेअरच्या ईटीएफचा तर दर पंधरा सेकंदांनी बदलतो. मग ऍपमध्ये मार्केट डेप्थ उघडा, डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. समजा डावीकडे २७०.१० आणि उजवीकडे २७०.१५ दिसतंय, हा चांगला ईटीएफ, दोघांमधलं अंतर पाच पैसे. डावीकडे ४१.२० आणि उजवीकडे ४२.६० दिसलं तर घेता क्षणी तुमचे तीन टक्के गेले म्हणून समजा, तिथे हात लावू नका. आणि मार्केट ऑर्डर कधीच नाही, नेहमी लिमिट ऑर्डर, आयनॅव्हच्या आसपासचा भाव टाकून शांत बसायचं. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हाची पहिली पंधरा-वीस मिनिटं आणि साडेतीनच्या आधीची शेवटची टाळा. थेट फंड कंपनीकडून एनएव्हीच्या भावाने घ्यायची सोय आहे पण ती २५ कोटींच्या वरच्या व्यवहारांना, आपल्याला एक्सचेंजच.

लोक फंडाच्या वर्षाच्या खर्चाचं प्रमाण ०.०४ टक्के की ०.०७ यावर तासन्‌तास वाद घालतात आणि घेताना दोन-तीन टक्के असे सहज सोडून देतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

प्रश्न (पिंपरी-चिंचवड): मी २७, आयटीमध्ये आहे, आमचे क्लायंट सगळे यूएसचे. मला डायव्हर्सिफिकेशनसाठी नॅस्डॅक १०० चा ईटीएफ घ्यायचाय, सध्या माझ्याकडे निफ्टी ५० आणि निफ्टी आयटी आहे. मित्र म्हणतो प्रीमियम असला तरी घेऊन टाक, लाँग टर्ममध्ये काही फरक पडत नाही. बरोबर आहे का?

उत्तर: मित्राचं चुकतंय, आणि तुमचं निम्मं बरोबर आहे. देशाबाहेर थोडे पैसे ठेवणं चांगलंच, पण तुमचा पगार कुठून येतो बघा ना! अमेरिकन कंपन्या खर्च करतात म्हणून तुमच्या कंपनीला काम, त्यातून तुमचा पगार. निफ्टी आयटीमधल्या कंपन्यांनाही काम तिथूनच. आणि नॅस्डॅक १०० म्हणजे काही पूर्ण अमेरिका नव्हे, बँका वगळून तिथल्या नॅस्डॅक या एका एक्सचेंजवरच्या शंभर मोठ्या कंपन्या, त्यात वजन सगळं ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया यांच्यासारख्या टेक कंपन्यांचं. २०२२ मध्ये नॅस्डॅक १०० डॉलरमध्ये साधारण एक तृतीयांश पडला, त्याच वर्षी निफ्टी आयटीही पावभर उतरला. असं वर्ष परत आलं आणि त्याच वेळी तुमची अप्रेझल लांबली किंवा बेंचवर (हातात प्रोजेक्ट नसताना) बसायची वेळ आली, तर नोकरी, निफ्टी आयटी आणि नॅस्डॅक तिन्ही एकदम दुखतील. पोर्टफोलिओ मोजताना पगारही त्यात धरायचा, हे कुणी सांगत नाही. म्हणून माझ्या मते तुम्ही सगळ्यात आधी निफ्टी आयटीमध्ये नवीन पैसे घालणं बंद करा. नॅस्डॅकचा नंबर त्यानंतर.

आता प्रीमियम. वरच्या पत्रात टंचाई चांदीची होती, इथे टंचाई परवानगीची आहे. परदेशी ईटीएफमध्ये गुंतवायला भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून १ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ती भरत आली म्हणून एप्रिल २०२४ पासून त्यातली नवीन गुंतवणूक थांबवावी लागली. जे फंड थेट अमेरिकन शेअर घेतात त्यांना वेगळी ७ अब्जांची मर्यादा आहे, तीही अशीच अडलेली. नवीन युनिट तयारच होत नाहीत, आहेत तीच एकमेकांना विकायची, त्यामुळे अशा ईटीएफचा प्रीमियम कधी कधी दहा टक्क्यांच्या वर जातो. शंभरचा माल एकशे दहाला घेतला आणि उद्या रिझर्व्ह बँकेने मर्यादा वाढवली तर वरचे दहा एका दिवसात जाऊ शकतात, नॅस्डॅक तसूभर न हलता. लाँग टर्म म्हणून ते पैसे कुणी परत देत नाही.

थेट अमेरिकेतले ईटीएफ घेता येतात, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर नेता येतात, पण नियम नीट वाचा. वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवलेत तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) आधी कापतात (तो रिटर्न भरताना मिळतो), डिव्हिडंडवर तिकडे २५ टक्के कापतात, इकडच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता दरवर्षी दाखवावी लागते, आणि तिथली मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर असताना काही बरंवाईट झालं तर घरच्यांना अमेरिकेचा वारसा कर लागू शकतो. तुमच्या वयाला आणि रकमेला मी म्हणेन, प्रीमियम एक-दोन टक्क्यांच्या आत असेल तेव्हाच घ्या, नसेल तर निफ्टी नेक्स्ट ५० आणि सोन्याकडे बघा.

प्रश्न (कोल्हापूर): मी ५८ वर्षांची गृहिणी आहे. दर पाडव्याला आणि धनत्रयोदशीला गुजरीत जाऊन थोडंफार सोनं घ्यायची आमच्याकडे पद्धत. मुलगा म्हणतो आई आता गोल्ड ईटीएफ घे, दागिने नको. हातात काही येत नाही मग ते सोनं कसलं?

उत्तर: काकू, अंगावर घालायचं असेल, लेकीला-सुनेला द्यायचं असेल तर गुजरीतच जा. साज आणि ठुशीला ईटीएफ हा पर्याय होऊच शकत नाही. पण त्याला गुंतवणुकीच्या हिशोबात धरू नका, कारण घेताना मजुरी आणि ३ टक्के जीएसटी जातो, मोडताना घट धरतात, आणि मुख्य म्हणजे मोडायला मन होत नाही. ते बरोबरच आहे, दागिना मोडायचा नसतोच.

मुलगा म्हणतो ते सोनं वेगळं, म्हातारपणी औषधपाण्याला किंवा घराच्या कामाला विकता येईल असं. गोल्ड ईटीएफमध्ये फंड कंपनी खरंखुरं ९९.५ टक्के शुद्धतेचं सोनं घेऊन तिजोरीत ठेवते, आणि तुमच्या नावावर युनिट. एक युनिट अगदी छोटंही मिळतं, उदाहरणार्थ गोल्ड बीजचं एक युनिट म्हणजे साधारण ग्रॅमचा शंभरावा भाग, त्यामुळे महिन्याला हजार रुपयांचंसुद्धा घेता येतं. मजुरी नाही, घट नाही, लॉकरचं भाडं नाही, शुद्धतेची काळजी नाही. फंडाचा वर्षाचा खर्च मात्र थोडा असतो आणि निफ्टीच्या ईटीएफपेक्षा तो जास्तच असतो, तेवढा बघून घ्या. वर्षानंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स. सरकारी गोल्ड बाँडचं विचाराल तर फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन आलेले नाहीत, जुने एक्सचेंजवर मिळतात पण त्यातही भाव चढा नाही ना ते बघावं लागतं.

एक सांगते काकू, अलीकडची वाढ बघून सगळं सोन्यात नका घालू. २०१२ मध्ये दहा ग्रॅमला तीस हजारांच्या वर गेलेलं सोनं २०१५ मध्ये पंचवीस हजारांच्या आसपास होतं, लोकांनी वर्षानुवर्षं वाट बघितली. एकूण गुंतवणुकीत दहा-पंधरा टक्के ठीक. आणि दागिन्यांची किंमत त्या पंधरात धरू नका.

प्रश्न (सोलापूर): मी कारखान्यात कामाला आहे, महिन्याला दोन हजार बाजूला पडतात. डीमॅट नाहीये. ईटीएफसाठी काढू का?

उत्तर: नका काढू, सध्या तरी. दोन हजारांच्या ऑर्डरवर ब्रोकरने वीस रुपये घेतले तर तिथेच एक टक्का गेला, विकताना दरवेळी डीपी चार्ज (डीमॅटमधून युनिट काढल्याची फी) पंधरा-वीस रुपये वेगळा. त्यापेक्षा निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घ्या, डायरेक्ट प्लॅन (एजंटशिवाय थेट फंड कंपनीकडून). आतले शेअर तेच, खर्च ईटीएफपेक्षा दहा-वीस पैसे शेकडा जास्त, पण एसआयपी लावली की बँकेतून आपोआप जातात, प्रीमियमची भानगड नाही, दिवसअखेरच्या एनएव्हीलाच मिळतं. पुढे रक्कम वाढली आणि डीमॅट काढावंसं वाटलं तर साधं छोटं खातं मागा, एकच डीमॅट असेल आणि आत चार लाखांपर्यंतच माल असेल तर वार्षिक फी लागत नाही.

आणि तुमचा पीएफ कापला जातो ना, मग तुम्ही ईटीएफमध्ये आधीपासूनच आहात! ईपीएफओ (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०१५ पासून दरवर्षी येणाऱ्या नव्या पैशातला काही भाग ईटीएफमध्ये घालते, सुरुवातीला ५ टक्के होता, २०१७ पासून १५.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आम्ही दोघं नोकरी करतो, वय ३५ आणि ३३, एक मुलगी तीन वर्षांची. दोघांचा पीएफ आहे, माझं पीपीएफही आहे. महिन्याला वीस हजार गुंतवायचेत, पंधरा वर्षं हात लावायचा नाही. फार डोकं लावायला वेळ नाही, तीन-चार ईटीएफमध्ये कसं बसवू ते सांगा. आणि एकाच निफ्टी ५० चे डझनभर ईटीएफ आहेत, त्यातला कुठला ते कसं ओळखायचं?

उत्तर: तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तीन-चारच लागतात. मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं: आठ हजार निफ्टी ५०, तीन हजार नेक्स्ट ५०, तीन हजार मिडकॅप १५०, अडीच हजार सोनं, आणि उरलेले साडेतीन हजार सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत बँकेत किंवा लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांच्या फंडात). नेक्स्ट ५० आणि मिडकॅप निफ्टीपेक्षा जास्त वर जातात आणि जास्त खालीही, २००८ मध्ये ते दिसलंच, म्हणून त्यांना कमी. बाँडचा ईटीएफ तुम्हाला नकोच, दोघांचा पीएफ आणि पीपीएफ मिळून तो भाग झालेला आहे. भारत बाँडसारखे ईटीएफ चांगले आहेत, सरकारी कंपन्यांचे ट्रिपल ए (सगळ्यात वरच्या दर्जाचे) बाँड आणि मुदत ठरलेली, पण १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्यांचा नफा कितीही वर्षांनी विकला तरी तुमच्या स्लॅबप्रमाणेच धरतात, तुमच्या स्लॅबला पीपीएफ कधीही बरं.

आता डझनातला एक कसा निवडायचा. फंडाचा आकार बघून भुलू नका, कारण उदाहरणार्थ एसबीआयचा निफ्टी ईटीएफ देशात सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, पण त्यातले बरेचसे पैसे ईपीएफओचे, आणि एवढे मोठे व्यवहार थेट फंड कंपनीशी होतात, एक्सचेंजवर दिसत नाहीत. आपल्याला एक्सचेंजवर घ्यायचं-विकायचंय म्हणून रोजची उलाढाल बघायची आणि वर सांगलीच्या पत्रात सांगितलं तसं दोन भावांमधलं अंतर. मग ट्रॅकिंग डिफरन्स बघा, म्हणजे निर्देशांकाने डिव्हिडंड धरून वर्षात जेवढं दिलं त्यापेक्षा फंडाने किती कमी दिलं. खर्चाचं प्रमाण त्यातच येऊन जातं, वेगळं बघायची गरज नाही. निफ्टी ५० मध्ये हे सगळे जवळजवळ सारखे निघतात, मिडकॅपमध्ये मात्र फरक पडतो आणि उलाढालही पातळ असते, तिथे पटत नसेल तर मिडकॅप १५० चा इंडेक्स फंड घ्या, काही बिघडत नाही.

वर्षातून एकदा, मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात म्हणा, हिशोब काढा. ठरवलेल्या प्रमाणापासून एखादी गोष्ट पाच टक्क्यांच्या पुढे सरकली असेल तर पुढचे काही महिने नवीन पैसे जे मागे पडलंय त्यात घाला. विकून समतोल करायची वेळ फार क्वचित येते आणि विकलं नाही की टॅक्सही नाही. मधल्या काळात नवीन नवीन थीमचे ईटीएफ येतील, डिफेन्स, टुरिझम, ईव्ही, त्यातलं काही राहून गेलं असं वाटेल. राहू द्या, त्या कंपन्या मोठ्या झाल्या की निफ्टीत येतातच, वर्षातून दोनदा मार्च आणि सप्टेंबरमध्ये यादी बदलते.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे ग्रीन कार्डवर आहे. पुण्यातल्या माझ्या एनआरआय डीमॅटमध्ये निफ्टी ईटीएफ घेऊन ठेवावेत असं बाबांचं म्हणणं आहे. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. अमेरिकेचा कर भरणाऱ्यासाठी भारतातले म्युच्युअल फंड आणि ईटीएफ हे पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी) या प्रकारात येतात, त्याचे करही कडक आणि दरवर्षी प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१ भरावा लागतो, तो भरायचा सीएचा खर्चच परतावा खाऊन टाकेल. भारतातले सरळ शेअर त्यात सहसा येत नाहीत, पण शेअर निवडायची हौस असेल तरच. भारतातली वाढ हवी असेल तर तिथेच नोंदलेले भारताचे ईटीएफ आहेत, २०१२ पासूनचा आयशेअर्स एमएससीआय इंडिया हे एक उदाहरण, त्यांना ही अडचण नाही. आणि तुमच्या ४०१ के मध्ये (तिथल्या निवृत्तीच्या बचत खात्यात) पूर्ण जगाचा किंवा इमर्जिंग मार्केटचा (विकसनशील देशांचा) फंड असेल तर त्यात भारत किती टक्के आहे ते आधी बघा, बहुतेक असेलच. बाबांना सांगा की पुण्यात काही ठेवायचंच असेल तर त्यांच्या नावाने, त्यांच्या पैशांनी ठेवू दे. तुमच्या नावाने आधीच काही युनिट घेतली असतील तर हे वर्ष संपायच्या आत तिथल्या सीएला दाखवा, कारण जितकी वर्षं जातात तितका तो हिशोब किचकट होतो.